रविवारचा केक आणि पावणेतीन वर्षांची मदतनीस

पत्राचा सारांश: ठाण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. त्या पूर्णवेळ नोकरी करतात आणि त्यांची पावणेतीन वर्षांची मुलगी आठवडाभर आजीजवळ, म्हणजे त्यांच्या सासूबाईंजवळ असते. रविवारची सकाळ तरी आपली आणि मुलीची असावी, म्हणून त्यांनी घरी ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा छोटा ओव्हन, आणला आणि मुलीला सोबत घेऊन केक करायला सुरुवात केली. प्रत्यक्षात दर रविवारी तोच प्रकार होतो. मुलगी चाळणी हातात घेऊन पीठ पुन्हापुन्हा खाली पाडत बसते, पण मिश्रण ढवळायची वेळ आली की उठून जाते. ओव्हनमध्ये ठेवलेला केक लगेच हवा म्हणून रडते, आणि शेवटी समोर आलेला केक एक घास खाऊन सोडून देते. केकही अनेकदा दडस होतो. स्वयंपाकघर आवरताना चिडचिड होते आणि मग स्वतःचाच राग येतो. सासूबाईंचे म्हणणे असे की मैदा आणि साखर खायला घालण्यासाठी इतका पसारा कशाला. यजमान म्हणतात, बेकरीतून आणू. मुलीत एकाग्रता कमी आहे का, हा उपक्रम बंद करावा का, आणि लवकरच येणाऱ्या तिच्या तिसऱ्या वाढदिवसाचा केक तिच्यासोबत करण्याचा बेत सोडून द्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

तुमच्या सर्वांत गंभीर शंकेला आधी उत्तर देते, कारण बाकीचे प्रश्न स्वयंपाकघरातले आहेत आणि ती शंका मुलीबद्दलची आहे. तुम्ही लिहिता की ती चाळणीतून पीठ पुन्हापुन्हा खाली पाडत बसते. मग एकाग्रता नाही असे कसे म्हणावे? तुमच्याच पत्रात ती आहे. फक्त ती तुम्हाला हव्या त्या कामावर नाही, तिने निवडलेल्या कामावर आहे. भरलेले भांडे रिकामे करणे, जाळीतून काही गळताना पाहणे आणि तेच पुन्हा करून पाहणे हा या वयाचा मोठा अभ्यास असतो. याउलट घट्टसर मिश्रण ढवळण्यासाठी मनगटात जो जोर लागतो तो तिच्याजवळ अजून नाही, आणि ढवळल्यावर डोळ्यांना दिसेल असा बदलही होत नाही. ज्या कामात बळ पुरत नाही आणि फळ दिसत नाही, त्या कामातून आपणही काढता पाय घेतो. तिच्या बोलण्यात, चालण्यात किंवा खेळण्यात तुम्हाला आणखी काही खटकत असेल तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा. केवळ केकच्या मिश्रणावरून मात्र असा निष्कर्ष काढू नका.

इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये आपले पहिले बालगृह सुरू केले. ओतणे, पुसणे, झाडणे, निवडणे यांसारख्या घरगुती कामांना त्यांच्या पद्धतीत शिक्षणाचे स्थान आहे. महाराष्ट्रात बालशिक्षणासाठी काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात हेच तत्त्व रुजवले आणि त्यासाठी महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. हे सांगण्याचे कारण एवढेच की या दोन्ही ठिकाणी काम हेच मुलाचे फळ मानले गेले. तुमच्या रविवारात मात्र फळ म्हणजे केक. पीठ चाळायला मुलीला दिले जाते ते केकसाठी, आणि केकसाठीच तिला त्या कामावरून उठवून पुढच्या कामाला लावले जाते. तिथून पुढची ओढाताण अपरिहार्य आहे. तीस सेकंदांच्या चित्रफितीत एखादे गोड बाळ अंडे फोडते, हसते आणि केक तयार होतो. कापलेल्या भागात कोण कितीदा रडले आणि ओटा कोणी पुसला हे त्यात नसते.

म्हणून माझे पहिले सुचवणे असे की केक करणे आणि मुलीसोबत वेळ घालवणे ही दोन कामे वेगळी करावीत. तुमच्या पत्राचा सूर पाहता तुम्हाला स्वतःला बेकिंगची मनापासून आवड आहे. ती मुलीच्या नावावर टाकण्याची गरज नाही. मुलगी दुपारी झोपलेली असताना, किंवा यजमान तिला खाली बागेत घेऊन गेलेले असताना, तुम्ही निवांतपणे तुमचा केक करा. आईने स्वतःच्या आनंदासाठी तासभर काढला तर तो मुलीकडून चोरलेला वेळ ठरत नाही. मुलीचे काम त्याहून निराळे, लहान आणि तिच्या बळाचे असावे. ते दहा मिनिटांत संपले तरी पूर्ण झाले असे मानावे.

आता त्या कामासाठी पदार्थ कोणता निवडावा, हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमची अर्धी अडचण इथे आहे. छोट्या मुलांसोबत करण्यासाठी सर्वजण प्रथम केक निवडतात, आणि माझ्या मते या वयाला तो सर्वांत गैरसोयीचा पदार्थ आहे. केकच्या मिश्रणात मैदा आणि ओलावा एकत्र येतात. ते जितके जास्त ढवळले जाते तितके मैद्यातले ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे चिकट प्रथिन, वाढते आणि केक चिवट, दडस होतो. म्हणजे मुलीला मनसोक्त ढवळू द्यावे तर केक बिघडतो, आणि केक जपावा तर तिचा हात थांबवावा लागतो. शिवाय खाण्याचा सोडा दह्यासारख्या आंबट पदार्थाला लागला की लगेच वायूचे बुडबुडे सुटू लागतात, आणि त्या बुडबुड्यांनीच केक फुगतो. त्यानंतर मिश्रण लवकर ओव्हनमध्ये जायला हवे. नेमक्या त्याच वेळी मुलगी चमच्यासाठी हट्ट धरून बसलेली असते आणि तिची समजूत काढता काढता मिश्रणातला वायू निघून जातो. तुमचा केक वारंवार का बसतो याचे हे एक कारण असू शकते. त्यात तुमच्या हाताचा किंवा ओटीजीचा दोष असेलच असे नाही.

नानकटाईत ही घाई नसते. तिथे पिठाच्या कणांवर तुपाचा थर बसतो, पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, त्यामुळे कितीही मळले, दाबले, मोडून पुन्हा वळले तरी ती चिवट होत नाही. गोळा अर्धा तास तसाच राहिला तरी काही बिघडत नाही. अंडे नसते. आणि वेडीवाकडी झाली तरी ती नानकटाईच दिसते, ही तर लहान हातांसाठी फार मोठी सोय आहे. प्रमाण असे ठेवा: थिजलेले साजूक तूप 70 ग्रॅम, पिठीसाखर 60 ग्रॅम, कणीक (गव्हाचे कोरडे पीठ) 100 ग्रॅम, बेसन 20 ग्रॅम, चिमूटभर मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलची किंवा जायफळाची पूड. तूप आणि साखर हलके, पांढरट होईपर्यंत फेटण्याचे काम मुलगी येण्याआधी तुम्ही उरकून ठेवा. कणीक, बेसन, मीठ आणि सोडा मोजून एका वाटीत आणि वेलचीपूड दुसऱ्या छोट्या वाटीत तयार ठेवा. तिच्या वाट्याला येते ते पीठ चाळणे, वाटी परातीत उपडी करणे, वेलचीपूड भुरभुरवणे, मुठीने गोळा दाबणे, छोटे गोळे तळव्याने चपटे करणे आणि काट्याने त्यावर रेघा उमटवणे. गोळा फारच भुरभुरीत वाटला तर चमचाभर तूप आणखी घाला. एवढ्या प्रमाणात साधारण पंधरा छोट्या नानकटाया होतात. ओटीजी 160 ते 170 अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे तापवून, पंधरा ते वीस मिनिटे भाजा. कडा जराशा लालसर झाल्या की बाहेर काढा. त्या वेळी त्या मऊ लागतात आणि गार झाल्यावर खुसखुशीत होतात. मऊ लागतात म्हणून पुन्हा आत ढकलल्या तर खालून करपतात, कारण कणीक आणि बेसन लवकर रंग घेतात.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही अशा वाचकांनी जाड बुडाची कढई, तळाला मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि घट्ट झाकण एवढ्यावर काम भागवावे. कढई दहा मिनिटे आधी तापवावी आणि मग मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे द्यावीत. कुकरची शिट्टी आणि रिंग काढूनही अनेकजण भाजतात. पण कोरडा कुकर बराच वेळ तापवण्यापेक्षा मला कढई बरी वाटते.

जागेबद्दलही एक विनंती आहे. मुलीला खुर्चीवर किंवा स्टुलावर उभे करून ओट्याशी आणू नका. ती पडण्याची भीती, शेजारी शेगडी, हाताच्या अंतरावर सुरी, आणि या सगळ्याकडे एक डोळा ठेवताना तुमचे सारे लक्ष तिला अडवण्यात जाते. जमिनीवर जुनी चादर अंथरा, त्यावर परात ठेवा आणि दोघी समोरासमोर मांडी घालून बसा. आपल्याकडे लाडू वळणे, करंज्या भरणे ही कामे पूर्वापार अशीच बसून होत आली आहेत. सांडलेले पीठ चादरीवरच राहते आणि शेवटी चादर झटकली की आवरणे संपते. तिचा ओला फडका तिलाच द्या. पुसणे हेही तिला काम वाटते, शिक्षा वाटत नाही, निदान अजून तरी.

चाळणीसाठी वेगळी व्यवस्था करा. जे पीठ नानकटाईत जायचे आहे ते एकदा चाळून झाले की बाजूला घ्या आणि दुसऱ्या ताटात दोन मुठी पीठ तिच्या चाळणीसाठी ठेवा. तिला हवे तितके ती पाडत बसू दे. तिथून तिला उठवून गोळे वळायला लावण्याचा आग्रह धरू नका. आपले आपण वळत राहिलात तर बहुधा ती स्वतःच सरकून येईल, आणि न आली तर त्या दिवसाचे तिचे काम चाळण्याचे होते असे समजावे. सोड्याची गंमतही तिला वेगळ्या वाटीत दाखवता येईल: चमचाभर दह्यात चिमूटभर सोडा घातला की ते फसफसून वर येते. केकमध्ये जे लपून होते ते तिला इथे उघड दिसेल. सोड्याचा डबा मात्र नंतर तिच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

आता रडण्याविषयी. वीस मिनिटे म्हणजे किती हे तिला कळत नाही. ओव्हनच्या काचेतून आपला गोळा दिसतो, पण मिळत नाही, एवढेच कळते. म्हणून भाजण्याची वेळ तिच्या दिवसातल्या ठरलेल्या कामाला जोडून टाका. ट्रे आत गेला की अंघोळ, आणि अंघोळ होऊन कपडे घातले की नानकटाई, असा क्रम दोन-तीनदा झाला की तिला तो पाठ होईल. अंघोळीच्या वेळी ओव्हनकडे लक्ष ठेवायला घरात दुसरे मोठे माणूस असावे. इथे यजमानांना सामील करून घ्या. ट्रे आत ठेवणे, बाहेर काढणे, वेळ सांभाळणे आणि तापलेल्या ओटीजीच्या आसपास मुलगी जाणार नाही हे पाहणे ही सर्व कामे त्यांच्याकडे सोपवता येतील. ओटीजीचे दार आणि वरचा पत्रा दोन्ही चांगलेच तापतात आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतात; त्याची वायर ओट्यावरून खाली लोंबत असेल तर आजच मागे वळवून घ्या. बेकरीतून आणू म्हणणाऱ्या माणसाला या कामातले काहीच दिलेले नसेल, तर त्याला हा केवळ पसाराच वाटणार.

खाण्यासंबंधीच्या काही खबरदाऱ्या सर्वच पालकांनी लक्षात ठेवाव्यात. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि कच्च्या अंड्यातही; त्यामुळे न भाजलेला गोळा किंवा मिश्रण मुलांना चाटू देऊ नये. एखादे बोट तोंडात गेले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण वाटी चाटायला देण्याचा लाड टाळावा. सुरुवातीलाच केळ्याचे तुकडे हातात दिले तर तोंड गुंतलेले राहते. अख्खे बदाम, काजू किंवा शेंगदाणे पाच वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून सजावटीला सुक्या मेव्याची बारीक पूड वापरावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये, अगदी भाजलेल्या पदार्थातूनही नको.

सासूबाईंच्या आक्षेपाकडे मी तुमच्यापेक्षा थोड्या वेगळ्या नजरेने पाहते. साखरेबद्दल त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांखाली असेल तर उत्तम. तुमच्या मुलीच्या वयाला दिवसाला साधारण एक हजार उष्मांक लागतात असे धरले, तर दहा टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम साखर होते आणि पाच टक्के म्हणजे त्याच्या निम्मी. वर दिलेल्या प्रमाणात एका नानकटाईत सुमारे चार ग्रॅम साखर येते. एक किंवा दोन खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण त्याच दिवशी बेकरीचा केक आणि गोड दूधही झाले तर हिशेब हाताबाहेर जातो. गूळ घातला म्हणजे पदार्थ पौष्टिक झाला, हा समज मात्र सोडून द्या. या हिशेबात गूळही साखरच आहे.

पण आक्षेप निव्वळ साखरेचा आहे का, याचा विचार करून पाहा. सहा दिवस मुलीचे खाणे, झोपणे, रडणे ज्या सांभाळतात, त्यांना सातव्या दिवशी स्वयंपाकघरात प्रवेश नाही आणि मुलीच्या आनंदाच्या कामातही जागा नाही, असे चित्र त्यांच्या बाजूने दिसत असेल. तुम्हाला तसे अभिप्रेत नाही हे मी जाणते. तुम्हाला फक्त मुलीसोबत एकांत हवा आहे, आणि ती इच्छा रास्तच आहे. तो एकांत गोष्ट वाचण्यात, अंघोळ घालण्यात, संध्याकाळच्या फेरीत मिळू शकतो. स्वयंपाकघर ही एकांताची जागा नव्हे, विशेषतः एकत्र राहणाऱ्या घरात. एखाद्या रविवारी परातीजवळ तिसरा पाट मांडा आणि सासूबाईंना त्यांच्या लहानपणीच्या नानकटाईविषयी विचारा. दिवाळीपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे, भट्टीवर आपल्या नंबरासाठी थांबायचे आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटे घरी आणायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आणि शहरांत होती. त्यांना ती आठवत असण्याची शक्यता बरीच आहे. त्या कोकणातल्या असतील तर काकडीचे धोंडस, म्हणजेच तवसोळी, त्यांना येत असेल: किसलेली काकडी, भाजलेला रवा, गूळ आणि खोबरे एकत्र करून, झाकणावर निखारे ठेवून खालीवर आच देऊन भाजलेले. त्यात मैदा नाही, अंडे नाही, आणि काकडीचा कीस परातीत कुस्करायला तुमच्या मुलीला फार आवडेल. बेकिंग म्हणजे बाहेरून आणलेली हौस, असे त्यांना वाटत असेल तर या एका पदार्थाने तो समज दूर व्हावा. यानंतरही त्यांना उत्साह वाटला नाही, तर आग्रह न करता आपले काम आटोपशीर ठेवावे, एवढेच आपल्या हाती असते.

उपक्रम बंद करण्याचा पर्यायही मी बाजूला सारत नाही. तुमचा आठवडा थकवणारा असेल आणि रविवारी सकाळी उठताच या कामाचे ओझे वाटत असेल, तर वर्षभर थांबा. साडेतीन-चार वर्षांचे मूल सूचना ऐकते, थोडी वाट पाहते आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे हेही सांगते. तोवर तिने पोळीच्या कणकेची छोटी गोळी लाटली तरी पुरेसे आहे, आणि ते तर रोज रात्री पाच मिनिटांत होते. मधला मार्ग असा की दर रविवारचा नेम सोडून महिन्यातून एकदा करावे. तुम्ही सहा दिवस घराबाहेर असता याची भरपाई सातव्या दिवशी काहीतरी विशेष करून द्यायलाच हवी, हे गृहीतक तुमच्या पत्रात जागोजागी दिसते. मुलीने ते मागितलेले नाही. तिच्या दृष्टीने संध्याकाळी सात वाजता दारात वाजणारी तुमची बेल हीच मोठी घटना असते.

राहिला वाढदिवस. पाहुणे येणार, घर आवरायचे, आणि त्याच सकाळी तिच्यासोबत केक करायचा, हा बेत मात्र सोडा असेच मी म्हणेन. केक तुम्हाला स्वतःला करायचा असेल तर आदल्या रात्री ती झोपल्यावर भाजा आणि दुसऱ्या दिवशी सजवा. नाही तर बेकरीतून आणण्याची यजमानांची सूचना या एका दिवसापुरती खुशाल स्वीकारा, त्यात कमीपणा नाही. मुलीचा वाटा दोन-तीन दिवस आधीच उरकून घ्या. तिच्या हाताने चपट्या केलेल्या नानकटाया घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज टिकतात. येणाऱ्या मुलांना जाताना कागदी पुडीतून दोन-दोन देता येतील. मात्र एखाद्याला गहू किंवा दूध चालत नसेल तर त्याच्या आईला आधी विचारून घ्या. पुड्या वाटण्याचे काम वाढदिवसाच्या मुलीकडे द्या, वाटणे तिला ढवळण्यापेक्षा नक्कीच जमेल. आणि ट्रे दोन भाजा, कारण डबा तिच्या हाताला लागेल अशा ठिकाणी असेल तर पहिला वाढदिवसापर्यंत उरायचा नाही.